मिशीवरचा बर्फ

महाराष्ट्रात वाघ टिकवण्याच्या कार्यात माझी उभी हयात गेली. हे मी नम्रपणे, पण पुराव्यानिशी सांगतो आहे. सोलापूर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत वाघांची संख्या ज्या वेगानं वाढली, त्यात माझ्याइतका वाटा दुसऱ्या कुणाचा असेल असं मला वाटत नाही. एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला सात रस्त्याच्या एकाच चौकात जेवढे वाघ जमायचे, तेवढे एखाद्या अभयारण्यात एका वेळी कुणी पाहिले नसतील. सगळे नर, सगळे चवताळलेले, आणि सगळे एकाच फोटोच्या प्रती.

मी पेंटर. आता हाताला कंप आहे म्हणून ब्रश धरत नाही, पण सात रस्त्याजवळच्या आमच्या फ्लेक्सच्या दुकानात रोज जाऊन बसतो. संगणकावरचं सगळं काम माझा भागीदार इरफान करतो. शुद्धलेखन माझ्याकडे. ‘वाढदिवसाच्या हार्दीक शुभेच्छा’ यातली दुसरी वेलांटी पहिली करण्यात माझं उतारवय सुखानं चाललं आहे.

मी पत्र्यावर आणि भिंतीवर हातानं रंगवायचो, त्या काळी वाघ ही गंभीर बाब होती. तालमीच्या भिंतीवर वाघ हवा असेल तर वस्ताद आधी येऊन विचारायचे, जमेल का, किती दिवस लागतील. पट्टे मोजूनमापून काढावे लागत. डोळा चुकला तर वाघाची म्हैस व्हायची आणि पोरं जन्मभर तालमीला चिडवायची. म्हणून वाघ मागण्याआधी गिऱ्हाईक स्वतःकडे एकदा बघून घ्यायचं. पुढं फ्लेक्स आला आणि वाघ फुकट झाला. कळ दाबली की वाघ. मग ज्याच्या अंगावर शेळी शिंगं रोखून आली असती तर जो झाडावर चढला असता, त्याच्याही खांद्यामागं वाघ आला.

धंदा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गिऱ्हाईक ‘मॅटर’ घेऊन येतं. मॅटर म्हणजे मजकूर. फ्लेक्सवर सगळ्यांत कमी असतो तो हाच. मधोमध नेता, हात जोडलेला किंवा फोन कानाला लावलेला. वरच्या पट्टीत त्याची श्रद्धास्थानं, म्हणजे ज्यांच्याकडून तिकीट मिळायची आशा आहे ती माणसं. खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग. एखाद्याचा चेहरा शेजारच्यापेक्षा बोटभर लहान झाला, तर तो दुकानात येऊन बसतो आणि उठत नाही. हे सगळं झाल्यावर नेत्याच्या खांद्यामागं जी जागा मोकळी राहते, ती झाकायला वाघ. आणि त्याखाली शब्द ठरलेला: ढाण्या वाघ.

‘ढाण्या’ म्हणजे अंगावर पट्टे असलेला खरा वाघ. आमच्याकडे खेड्यात बिबट्यालाही वाघच म्हणतात, तरस दिसलं तरी वाघ म्हणून ओरडतात. म्हणून खऱ्याला वेगळं नाव. भाषेनं फार विचार करून राखून ठेवलेला शब्द होता. तो आम्ही छापून छापून संपवला.

आमच्या संगणकात ‘टायगर फायनल’ नावाचा एक फोटो आहे. जबडा फाकलेला, सुळे बाहेर, जीभ लालभडक. तो कुठून आला कुणालाच ठाऊक नाही. पहिल्यांदा वापरायला काढला तेव्हा इरफान पडद्याजवळ नाक नेऊन म्हणाला,

“चचा, इसके मुछां पे बरफ हय.”

मी चष्मा लावून पाहिलं. होता. अंगावरचे केसही घोंगडीसारखे दाट. कुठल्या तरी थंड परदेशी मुलखातला वाघ होता तो.

“पोंछ डालूं?”

“पूस.”

“और पीछे का बरफ?”

“तिथं नेता उभा करायचा आहे. आपोआप जाईल.”

तेव्हापासून भर उन्हाळ्यात, डांबर चपलेला चिकटत असताना, हा बर्फातला वाघ सोलापूरच्या चौकाचौकात उभा आहे. तोंड मिटलेलेही वाघ आमच्याकडे होते. दर तोच होता, पण कधी कुणी घेतला नाही.

मला वाचनाचा नाद आहे. वाचनालयात जुन्या गोऱ्या साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या शिकारीच्या हकिकती मी पुष्कळ वाचल्या. सगळ्यांत वाघ शेवटी मरतो. फरक फक्त कितव्या पानावर एवढाच. शेवटी फोटो असतो. वाघ जमिनीवर, त्याच्यावर बूट, वर मिशीवाला माणूस. आमच्या फ्लेक्सवरही मिशीवाला माणूस असतो आणि वाघ असतो. तेव्हा वाघ पायाखाली होता, आता पाठीमागं आहे, एवढीच काय ती आपली प्रगती. अक्कलकोटकडं वाघदरी नावाचं गाव आहे. खंडोबाच्या भक्ताला आपण अजून वाघ्या म्हणतो. त्याच्या गळ्यातली भंडाऱ्याची पिशवी पूर्वी वाघाच्या कातड्याची असायची, आता रेक्झिनची असते. नावं शाबूत ठेवून आपण जनावर तेवढं घालवलं. आणि ज्या लोकांनी ते घालवलं, त्यांच्याच नातवांना आता त्याच्यासोबत फोटो हवा असतो.

मागच्या हिवाळ्यात एक खरा आला.

जिल्ह्याच्या उत्तरेला डोंगराची जी कड आहे, तिथल्या एका गावात. पहिल्यांदा तो पाहिला तात्यांनी. तात्या म्हणजे तिथले एक शेतकरी, सत्तरीचे, डोंगराच्या पायथ्याला शाळू आणि मका करतात. त्यांची एक कालवड वाघानं नेली होती. त्यांनी तालुक्याला एका हापिसात फोन करून सांगितलं, “ढाण्या वाघ आलाय गावात.” पलीकडून विचारणा झाली, “कुणाचा दौरा हाय? सभा किती वाजता?” हे मला तात्यांनीच नंतर सांगितलं, आणि हसत सांगितलं नाही.

मग वनखात्याच्या रेंजर मॅडम दुकानात आल्या. साताऱ्याकडच्या, नव्यानंच रुजू झालेल्या. त्यांना गावोगाव लावायला जनजागृतीचे फ्लेक्स हवे होते. मॅटर त्यांनी स्वतः लिहून आणलं होतं आणि त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी त्यांना चहा मागवला.

“काका, फोटो याचाच लावायचा,” म्हणून त्यांनी पेन ड्राइव्ह दिला.

जंगलात झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो होता. वाघ ओढ्याच्या वाळूतून चालला होता. तोंड मिटलेलं. खुब्याची हाडं वर आलेली. पोट खपाटीला गेलेलं. कॅमेऱ्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. लांबचा प्रवास करून परगावच्या स्टँडवर उतरलेला माणूस जसा आधी कुठं जावं हे बघतो, तसा तो बघत होता.

“इतका बारीक?” मी म्हणालो.

“विदर्भातून चालत आलाय, काका. नर वयात आला की त्याला आईजवळ राहता येत नाही, स्वतःची जागा शोधावी लागते. तिकडचं जंगल भरलंय. जिथं जाईल तिथं आधीचा नर त्याला हाकलतो. म्हणून हा निघाला. रस्ते, कालवे, तारांची कुंपणं, कापसाची रानं, सगळं ओलांडून इथं आला. इतक्या वाटेत त्यानं एका माणसाच्या अंगावर पंजा टाकलेला नाही.”

“पण वाघ वाढले म्हणून जाहिराती येतात की.”

“वाघ वाढलेत, तेही थोड्याच जंगलांत. त्यांना इकडून तिकडं जायला मधे जंगल लागतं. त्याची जाहिरात येत नाही.” चहा संपवून त्या म्हणाल्या, “आपल्याला फक्त वेळ हवाय, काका. लोकांनी महिना-दोन महिने घाबरायचं नाही. तो इथं रमेल किंवा पुढं जाईल. गर्दी झाली, आंदोलन झालं, तर मग पकडायचा आदेश येणार. आणि एकदा पिंजऱ्यात गेला की असले वाघ बहुतेक परत सुटत नाहीत.”

म्हणजे एका वाघाचं काय व्हायचं ते लोक घाबरतात की नाही यावर ठरणार होतं, आणि लोकांना ‘घाबरू नका’ हे सांगायचं काम आमच्याकडे आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा वाघाचा फ्लेक्स वाघासाठी छापायचा होता. इरफाननं त्या दिवशी फार मन लावून काम केलं. ओढा, वाळू, वाघ, आणि खाली मॅडमचा मजकूर: वाघ दिसल्यास घाबरू नका. पळू नका. गर्दी करू नका. जनावरे उघड्यावर बांधू नका. एक नमुना आम्ही छापूनही ठेवला. मला तो फार आवडला होता.

दुसऱ्या दिवशी सचिनराव आले. त्या भागातले एक नेते आहेत, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. सचिनराव हे भाऊंचं सगळं काही. फ्लेक्स भाऊंच्या सौजन्यानं, म्हणजे त्यांच्या पैशानं लागणार होते, त्यामुळे भाऊंचा फोटो वर येणार हे ओघानंच आलं. मी नमुना दाखवला.

“पेंटर, ह्ये काय मांजर लावलंय?”

“वाघ आहे. हाच आलाय.”

“आसंल. पर भाऊंच्या मागं आसलं मरतुकडं? लोक काय म्हणतील?”

“भाऊंच्या मागं नाही, सचिनराव. हा जनजागृतीचा फ्लेक्स आहे.”

“भाऊंचा फोटू हाय का न्हाय ह्याच्यावर?”

“आहे.”

“मग वाघ भाऊंच्या मागंच झाला की.”

तरी मी सांगून पाहिलं, की लोकांची भीती कमी करायची आहे, शांत वाघ दाखवायला हवा. सचिनराव माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, “आवो, लोक घाबरल्याबिगर बोर्ड वाचत्यात व्हय? त्यो मोठा वाघ लावा, नेहमीचा. आन् मॅटर बारीक करा.”

मी मॅडमना फोन लावला. सचिनरावांचं म्हणणं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “साहेबांनाही तिकडून फोन आलाय, काका. लावा. बोर्ड अजिबात न लागण्यापेक्षा बरं.” त्यांचा तो थकलेला आवाज मला अजून आठवतो. नोकरीत सरळ माणसाचा आवाज असाच होतो, हळूहळू.

इरफाननं ‘टायगर फायनल’ उघडला. आठ बाय दहाचा फ्लेक्स. निम्म्यात भाऊ, निम्म्यात जबडा. जबड्याच्या खाली, लग्नपत्रिकेत आहेराबद्दलची सूचना असते तेवढ्या अक्षरात: घाबरू नका.

“चचा, ये पढेगा कौन?” इरफान म्हणाला.

“पळताना कोण वाचतं?” मी म्हणालो.

फ्लेक्स लागले की एक चक्कर मारून यायची माझी जुनी सवय आहे. दोरी ओवायच्या रिंगा नीट आहेत का, चौकट हलते का, अक्षर लांबून दिसतं का. आठवड्यानं मी त्या गावाला गेलो. एक फ्लेक्स तात्यांच्याच बांधावर, रस्त्याच्या कडेला ठोकला होता. तात्या तिथंच घरासमोरच्या झाडाखाली बसले होते, हातात काठी, शेजारी दोन म्हशी दाव्याला. भर दुपारी दोन्ही म्हशी घराच्या दारात आणून बांधलेल्या. मी कोण ते सांगितलं.

“तुमी छापला व्हय ह्यो?” तात्यांनी फ्लेक्सकडे काठी केली, पण बघितलं नाही. “लई वंगाळ केलंत बगा.”

“का? तुम्ही तर खरा पाहिलाय.”

“बगितलाय की. हितनं तितं वड्यापोत्तर आसंल, तेवड्यावर. पाणी पीत हुता. माज्याकडं बगितलं आन् गेला निगून. लई गरीब वाटला मला. म्हातारीला मी म्हणलं बी, बिचारं उपाशी दिसतंय. कालवड खाल्ली तर खाल्ली, त्ये बी जित्राबच हाय.”

“मग आता?”

“आता ह्यो फोटू बगितल्यापासनं रानात जायाचं धाडस हुईना.”

“तात्या, हा फोटो त्या वाघाचा नाही. हा बर्फातला आहे. परदेशी.”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फ्लेक्सवरच्या भाऊंकडे. “सरकारनं लावलाय न्हवं? मग सरकार खोटं फोटू कशाला लावंल? मला लांबनं दिसला, माजी नजर कमी. सरकारला जवळनं दिसला आसंल.”

मी फार ठिकाणी फार गोष्टी वाचल्या आहेत, पण आपल्या देशात चित्राचं आणि डोळ्याचं वजन किती, हे इतक्या थोडक्यात कुठं वाचलेलं नाही. ज्या माणसानं खरा वाघ पाहून भाकरी खाल्ली, तो फ्लेक्सचा वाघ पाहून जेवायचा राहिला होता. निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं, “एक मातुर खरं हाय. त्यो आल्यापासनं डुकरं न्हायती. औंदा शाळूचं एक कणीस मोडलं न्हाई रानडुकरांनी.”

पंधरवड्याच्या आत गावोगावच्या शाळा ओस पडल्या. पाणी द्यायला कुणी रानात जाईना. बातम्यांत वाघ नरभक्षक झाला. मग भाऊंनी ‘वाघ पकडा, जनता वाचवा’ म्हणून रास्ता रोको जाहीर केला. त्याचाही फ्लेक्स आमच्याकडेच आला.

“चचा,” इरफाननं विचारलं, “इसमें भी शेर डालना क्या?”

“काय म्हणालेत?”

“‘संघर्षाचा ढाण्या वाघ’ लिखनेको बोले.”

वाघाविरुद्धचा मोर्चा वाघाच्या झेंड्याखाली निघाला. त्या मोर्चातल्या एकालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही, आणि मला संताप येतो तो याचाच. दुष्टपणाची मला सवय आहे, बोर्ड रंगवणाऱ्याला गावातले सगळे दुष्ट तोंडपाठ असतात. पण इथं कुणी दुष्ट नव्हतं. भाऊंना वाघाबद्दल काही राग नव्हता. त्यांना वाघ आवडतो, त्यांच्या गाडीच्या काचेवरही आहे. त्यांना फक्त वाघ व्हायचं होतं, आणि एका तालुक्यात दोन वाघ मावत नाहीत. रेंजर मॅडमनी विदर्भातल्या जंगलाचं सांगितलं होतं तेच. जुन्या नरानं नव्याला हाकललं.

आदेश आला. वाघाला बेशुद्ध करून पकडलं. पकडला तेव्हा तो ओढ्याकाठी झोपलेला होता आणि त्याला पाहायला आसपासच्या गावांतली जत्रा लोटली होती. एवढे लोक बाहेर पडायला घाबरत होते, हे त्या दिवशी कुणाला सांगूनही पटलं नसतं. त्याला वन्यप्राण्यांच्या लांबच्या एका केंद्रात नेलं. तो अजून तिथंच, पिंजऱ्यात आहे. पोट भरलेलं असतं, असं कळलं.

त्यानंतर मॅडम एकदा दुकानात आल्या. बसल्या नाहीत. “काका, त्या पहिल्या फोटोचा तुम्ही नमुना छापला होता ना? आहे?”

होता. मी काढून दिला. “कुठं लावणार?”

“लावणार नाही. ठेवते.” आणि त्या त्याची घडी घालायला लागल्या.

“घडी नको. रंग मोडतो. गुंडाळून ठेवा,” मी म्हणालो. मी गुंडाळून, दोरी बांधून दिला. त्या दुकानाबाहेर उन्हात थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या.

दोन दिवसांनी सचिनराव पेढे घेऊन आले. भाऊंचा जाहीर सत्कार होता. मॅटर त्यांनी फोनवरून वाचून दाखवलं: “नरभक्षक वाघाच्या तावडीतून जनतेची सुटका करणारे, आपल्या तालुक्याचे ढाण्या वाघ...”

“सचिनराव, नर कुठं खाल्ला त्यानं?”

“खाल्ला आसता की.”

“मग असं करू. तुम्ही ‘भावी आमदार’ लिहिता ना, तसं ‘भावी नरभक्षक’ लिहू.”

इरफान खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला. त्याचे खांदे हलत होते. सचिनराव हसले नाहीत. “पेंटर, चेष्टा ऱ्हाऊ द्या. वाघ कुटला लावताय ते दाखवा.”

मी ओढ्यातला वाघ पडद्यावर लावायला सांगितला. “हा लावतो. सत्कार याच्यामुळंच आहे, त्याचा मान आहे. नाहीतर वाघाशिवाय न्या. मॅटर छापतो, वाघ छापत नाही.”

“म्हंजी?”

“म्हणजे आमच्याकडचे वाघ संपले.”

सचिनरावांनी पेढ्यांचा पुडा उचलला आणि समोरच्या दुकानात गेले. आमच्या चौकात एक दुकान वाघ देईना झालं, तर दुसरं देतंच. संध्याकाळपर्यंत भाऊंचा सत्काराचा फ्लेक्स आमच्या दारासमोरच्या खांबाला लागला होता. वाघ तोच, ‘टायगर फायनल’. त्यांनी मिशीवरचा बर्फसुद्धा पुसला नव्हता.

मी तो फ्लेक्स रोज बघत होतो. वाऱ्यानं फाटला तेव्हा गेला. वाटलं होतं, यावर कुठं तरी लिहावं, वाघ, माणूस, प्रतिमा आणि वास्तव अशा वजनदार शब्दांत. तेवढं वाचन माझ्याकडे आहे. लिहायला बसलोही होतो. तेवढ्यात पावसाळ्यात तात्यांचा फोन आला. वाघ गेल्यावर रानडुकरं परत आली होती आणि मका लोळवत होती. बांधावरचा जनजागृतीचा फ्लेक्स आता कुणाच्या कामाचा नव्हता, म्हणून तात्यांनी तो चौकटीसकट उपटून मक्याच्या मधोमध उभा केला होता. जबडा ओढ्याकडे, डुकरं येतात त्या बाजूला.

“मग? भितात का डुकरं?” मी विचारलं.

तात्या म्हणाले, चौकट लई पक्की हाय. डुकरं येत्यात आन् तिला अंग घासत्यात.